पेशीतील वाटणी

आमच्याकडे वाटणी हा शब्द उच्चारला की भांडण आधी आठवते. दोघा भावांत घर वाटायचे म्हणजे पंच, मोजणीदार आणि शेवटी कोर्ट हे ओघाने आलेच. आम्ही मराठीचे एम. ए.; परंतु विज्ञानशिक्षक दीर्घ रजेवर गेल्याने गतवर्षी पेशीविभाजनाचा पाठ आमच्या वाट्याला आला, आणि या एका वाटणीपुढे आम्ही हात जोडले.

मनुष्याच्या एका पेशीतील डीएनएचे धागे सरळ करून जोडले तर सुमारे २ मीटर भरतात. ते राहतात त्या केंद्रकाचा व्यास मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा. वाटणीपूर्वी त्यांची संपूर्ण दुसरी प्रत तयार होते, म्हणजे ४ मीटर. एवढे सूत एवढ्याशा डबीत कोंबून गुंता न होता निम्मे निम्मे करता येईल काय, हे आमच्या शहापूर-वडगावच्या विणकरांना विचारावे!

वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने हे धागे आखडताना व दुभंगताना पाहून १८८२ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्यांना आखडवतो कोण, हे कळायला शतक लोटले. १९९७ साली तात्सुया हिरानो यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात ‘कंडेन्सिन’ हे प्रथिन ओळखले. ते धागा धरून त्याचा फास ओढीत मोठा करीत जाते. २०१८ साली हे ओढणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसले. अशा फासांची दाटी होऊन आखूड, सुटसुटीत गुणसूत्र घडते.

दुसरे प्रथिन ‘कोहेसिन’. ते कड्यासारखे असून दोन्ही जुळ्या प्रती त्यात अडकलेल्या असतात. गुणसूत्राच्या कमरेशी असलेली कडी अखेरपर्यंत टिकावीत म्हणून ‘शुगोशिन’ त्यांची राखण करते. या जपानी नावाचा अर्थ रक्षक देवता. आपल्या ग्रामदेवतेचीच ही बहीण म्हणावी! दोन्ही बाजूंचे तंतू प्रत्येक जोडीला पकडीपर्यंत सारे थांबून राहतात. (लग्नाच्या पंगतीत एवढा संयम आम्ही पाहिलेला नाही.) शेवटची जोडी धरली गेली की ‘सेक्युरिन’ हा पहारेकरी नष्ट होतो, त्याने अडवलेले ‘सेपरेझ’ मोकळे होते आणि कडी तोडते.

आमच्यापासून चार घरांवर एक गोड मुलगी आहे. तिच्या पेशींत २१ क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन आहेत. डाउन सिंड्रोमचे हे कारण १९५९ पासून जगाला ज्ञात आहे. तरीही ‘तू ग्रहण पाळले नाहीस’ हे तिच्या आईला वर्षानुवर्षे ऐकावे लागले. आम्हाला ते सहन होईना. एके संध्याकाळी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन सासू-सुनांसमोर बसलो. स्त्रीबीजातील ही वाटणी त्या स्त्रीच्या जन्मापूर्वीच सुरू होऊन मध्येच थांबते. तेव्हाच्या कड्यांना वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे पकड धरून राहावे लागते. ती झिजतात, म्हणून मातेच्या वयाबरोबर हा संभव वाढतो. पण तरुण मातांच्या पोटीही अशी मुले जन्मतात, आणि क्वचित ही गफलत पित्याच्या बीजात झालेली असते. ग्रहणाचा येथे काडीचाही संबंध नाही.

सासूबाई गप्प होत्या. सुनेने एवढेच विचारले, “म्हणजे सर, ती कडी माझ्या जन्माआधीचीच?”

आम्ही होय म्हणालो. माहेरी दाखवायचा म्हणून तो कागद तिने मागून घेतला.