राउटर बदलला, स्पीकर मुके झाले

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत इंटरनेट कंपन्यांच्या सवलती जोरात असतात. लोक जुनं कनेक्शन सोडून नवं घेतात. कंपनीचा माणूस येतो, भिंतीवर नवी डबी बसवतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि जातो. रात्री घरचे सिनेमा लावून बसतात तेव्हा लक्षात येतं, की मागचे स्पीकर गप्प आहेत, सबवूफरचा दिवा नुसता लुकलुकतोय, किंवा मोबाइलच्या ॲपला साउंडबार सापडतच नाही. मग मला फोन येतो. पुण्यात होम थिएटर बसवून देण्याचं काम मी करतो, आणि या दिवसांत नव्या कामाइतकेच असे फोन असतात. "अहो, स्पीकर गेले वाटतं, येऊन बघता का?"

स्पीकर जवळजवळ कधीच गेलेले नसतात. ज्या दिवशी राउटर बदलला नेमक्या त्याच दिवशी स्पीकरही बिघडावा, हा योगायोग फार दुर्मीळ. तरीही फोन करण्याआधी बहुतेकांनी एक गोष्ट केलेली असते: स्पीकरच्या मागचं रिसेटचं बटण दाबून धरलेलं असतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, की ते बटण सर्वांत शेवटी दाबा. खोलीच्या मापाने लावलेली पातळी, प्रत्येक स्पीकरचं अंतर, माइक ठेवून केलेलं कॅलिब्रेशन, हे सगळं अनेक सिस्टिममध्ये त्या एका दाबण्यात पुसलं जातं. कित्येक एव्ही रिसीव्हरमध्ये फक्त नेटवर्कपुरता रिसेट वेगळा दिलेला असतो. पुसायचंच असेल तर आधी तेवढंच पुसावं, आणि त्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

सुरुवात करायची ती एका साध्या परीक्षेने. टीव्हीवर सेट-टॉप बॉक्सवरचं एखादं चॅनेल लावा आणि राउटरचा प्लग काढा. मागचे स्पीकर आणि सबवूफर वाजत राहिले, तर त्यांचं साउंडबारशी स्वतःचं खासगी रेडिओ-नातं आहे. राउटर त्यात कुठेच नाही. साउंडबारसोबत त्याच खोक्यात येणारे सबवूफर बहुधा असेच असतात. सोनॉसच्या साउंडबारचंही तसंच आहे. तो आपल्या सबवूफरला आणि मागच्या स्पीकरना आवाज थेट ५ गिगाहर्ट्झवर पाठवतो, आणि घरच्या नेटवर्कशी त्याचं बोलणं वेगळं चालतं. प्लग काढताच मागचे स्पीकर गप्प झाले, तर ते आवाज घरच्या वाय-फायवरून घेत होते. काही एव्ही रिसीव्हरचे वायरलेस स्पीकर या प्रकारचे असतात. दोन्हींचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी. ही परीक्षा न करता जो तंत्रज्ञ थेट ॲप उघडतो, तो अंदाजावर काम करतो.

नेटवर्कवर चालणाऱ्या स्पीकरना जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पाठ असतो. नवी डबी नवं नाव घेऊन आली की ते जुन्याच नावाचा शोध घेत बसतात. यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देणं. नावातली इंग्रजी मोठी-लहान अक्षरं, मधली जागा, आडवी रेघ, सगळं जसंच्या तसं हवं. एवढ्याने स्पीकरच काय, घरातला प्रिंटर, कॅमेरा, गिझरचा स्मार्ट प्लग, सगळेच आपणहून परत जोडले जातात.

नाव जुळूनही स्पीकर आत येत नसेल तर सुरक्षेचं सेटिंग पाहावं. २०१८ मध्ये जाहीर झालेली डब्ल्यूपीए३ ही पद्धत चांगली आहे, पण त्याआधीच्या बऱ्याच स्पीकरना ती समजत नाही. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं असेल तर ते दारातच अडतात. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. तोही नको म्हणणारे जुने स्पीकर मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ वर थांबण्यात काही कमीपणा नाही. तीच गोष्ट २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली देणाऱ्या सोयीची. फक्त २.४ जाणणारा स्पीकर जोडताना अडखळत असेल, तर जोडणी होईपर्यंत ती सोय बंद ठेवावी. आणि कधीकाळी कुणी स्पीकरला कायमचा आयपी पत्ता देऊन ठेवला असेल, तर जुना राउटर १९२.१६८.१.१ वर आणि नवा १९२.१६८.२९.१ वर असल्यावर तो पत्ता निरुपयोगी ठरतो. पत्ता राउटरकडूनच घेऊ द्यावा. स्पीकरच्या माहितीत पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही असं समजावं.

कर्वेनगरमधल्या एका घरचं प्रकरण मात्र यातल्या कशातच बसत नव्हतं. घरी आजी-आजोबा, मुलगा न्यू जर्सीत. तो व्हिडिओ कॉलवरून एकेक गोष्ट करून घेत होता, आणि आजी मला सांगत होत्या, "अहो, इंटरनेट सगळीकडे येतंय, टीव्हीही लागतो, पण ह्यांची नाट्यगीतं काही लागत नाहीत." कंपनीच्या माणसाने नवी डबी दाराजवळ चपलांच्या कपाटावर बसवली होती आणि जुना राउटर हॉलमध्ये तसाच ठेवून त्या डबीला जोडला होता. दोन्हींचं वाय-फाय चालू. आजोबांचा मोबाइल दाराजवळच्या डबीवर, स्पीकर हॉलच्या राउटरवर. इंटरनेट दोघांनाही मिळत होतं, त्यामुळे बिघाड आहे असं कुणालाच वाटेना.

ॲप स्पीकरला शोधतं ते सोसायटीच्या जिन्यात उभं राहून हाक मारावी तसं. २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर ते संदेश टाकतं आणि त्याच नेटवर्कवरचा स्पीकर ओ देतो. राउटरच्या पलीकडे ही हाक जात नाही. आजोबांच्या घरात एकामागे एक दोन राउटर असल्याने एका घराची दोन नेटवर्क झाली होती. हॉलमधला राउटर मी ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम फक्त कंपनीच्या डबीकडे राहिलं. दोन्हींना एकच नाव दिलं, आणि ॲपला स्पीकर लगेच दिसला. उलटही करता येतं: कंपनीला डबी ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं आणि आपला राउटरच मुख्य ठेवायचा. मोबाइल चुकून पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर असेल, किंवा राउटरमध्ये एपी आयसोलेशन, म्हणजे उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारं सेटिंग, चालू असेल, तरी लक्षण हेच दिसतं. इंटरनेट छान, स्पीकर बेपत्ता.

आता आवाज तुटण्याबद्दल, कारण लोक सर्वांत जास्त पैसे इथे वाया घालवतात. आवाज तुटतो म्हणून शंभर मेगाबिटचा प्लॅन तीनशेचा करतात. ५.१ चा अजिबात कॉम्प्रेस न केलेला आवाज धरला, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा, तरी सहा चॅनेल मिळून सेकंदाला सुमारे ६.९ मेगाबिट होतात. स्पीड कमी पडतच नाही. कमी पडतो तो वेळेवर पोचण्याचा नियम. आवाज हवेत एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. स्पीकरमध्ये तेवढाच मागे-पुढेपणा झाला तरी एखादा स्पीकर जागेवरून मीटरभर सरकवल्यासारखा परिणाम होतो. गाणी ऐकताना स्पीकर थोडा आवाज आधीच साठवून ठेवू शकतो. टीव्हीच्या आवाजाला ती मुभा नाही, कारण ओठ आणि शब्द जुळायला हवेत. म्हणून गाणी स्वच्छ वाजत असतील आणि टीव्हीचे संवाद तुटत असतील, तर इंटरनेटला दोष देऊ नका. दोष घरातल्या हवेतल्या गर्दीचा आहे.

ही गर्दी नवा राउटर कशी वाढवतो? २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीचा. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ब्लूटूथ तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. आमच्याकडच्या एखाद्या टॉवरमध्ये मजल्यामजल्यावरची वाय-फाय या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेली असतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, आणि ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे विनापरवाना वापरासाठी ती आणखी वाढली. पण नवे राउटर तीही सढळ हाताने वापरतात. १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल निवडलं तर ३६ पासून ६४ पर्यंतचा सगळा पट्टा एकटा राउटर अडवतो, आणि साउंडबार व सबवूफरचं खासगी नातं त्याच पट्ट्यात असेल तर त्याची कोंडी होते. राउटरचा प्लग काढल्यावर तुटणारा आवाज सुरळीत झाला, तर हेच कारण समजावं. रुंदी ८० किंवा ४० वर आणा. मोबाइलवरचा स्पीड थोडा उतरेल, सिनेमा नीट ऐकू येईल. राउटर सबवूफरला चिकटून ठेवला असेल तर मीटर-दीड मीटर दूर सरकवा.

५२ ते १४४ या चॅनेलांची आणखी एक गोष्ट आहे. ती रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. रडारचा संकेत ऐकू आला की राउटरने काही सेकंदांत चॅनेल सोडायचं, असा तंत्राचा नियम आहे, आणि यातल्याच दुसऱ्या चॅनेलवर बसण्याआधी निदान मिनिटभर कान देऊन ऐकायचं असतं. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार आहे. अशा रडारसाठीच हा नियम केलेला आहे. रडारच्या किंवा विमानतळाच्या टापूत घर असेल आणि आवाज अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल, तर राउटर ३६ ते ४८ मध्ये बांधून ठेवावा.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांत प्रश्न वेगळा. शेजाऱ्यांची गर्दी नाही, पण भिंती जाड. पडवीत बसवलेल्या नव्या डबीचं ५ गिगाहर्ट्झ माजघरातल्या स्पीकरपर्यंत धड पोचत नाही. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. सरळ लॅनची वायर ओढावी. साउंडबारच्या किंवा रिसीव्हरच्या मागे लॅनचं भोक असेल तर शहरातही मी वायरच सुचवतो. जे उपकरण जागेवरून हलत नाही, त्याला हवेतून नेटवर्क द्यायचं कारण नाही.

वाचकांना विनंती एवढीच. नवं कनेक्शन घ्याल तेव्हा जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून हाती ठेवा. कंपनीचा माणूस घराबाहेर पडण्याआधी त्याच्याकडून नव्या डबीवर तेच नाव घालून घ्या, जुना राउटर राहणार असेल तर एकाचं राउटिंग बंद करून घ्या, आणि त्याच्यासमोर टीव्ही लावून मागचे स्पीकर वाजतात का ते ऐका. स्पीडचा आकडा दाखवला म्हणजे काम झालं, हे मान्य करू नका.