जनावर आडवं आलं

मोटार विम्याच्या दाव्याच्या अर्जात ‘अपघात कसा घडला’ या प्रश्नापुढे दोन-तीन ओळींची जागा असते. पश्चिम विदर्भातून माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांमध्ये त्या जागेत एक वाक्य सारखं भेटतं: ‘अचानक जनावर आडवं आलं, त्याला वाचवताना गाडीवरचा ताबा सुटला.’ कंपनीच्या कार्यालयात या वाक्यावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही. दुभाजकाला घासली, झाडावर घातली, झोप लागली, काहीही झालं तरी लोक जनावराचं नाव घेतात, अशी तिथली ठाम समजूत. मी परवानाधारक सर्व्हेअर आहे. पन्नास हजारांच्या वरचा मोटार दावा आमच्यासारख्याच्या अहवालाशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून ते वाक्य खरं की खोटं हे ठरवणं माझ्याकडे येतं. इतकी वर्षं गाड्या पाहून माझं मत असं झालंय की हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, आणि त्यात दडलेली माहिती आपण दर वेळी फेकून देतो.

जनावराची धडक गाडीवर वाचता येते. पूर्ण वाढलेला रोही, म्हणजे नीलगायीचा नर, दोनशे किलोंच्या पुढचा असतो आणि त्याचे पाय लांब असतात. छोट्या गाडीचा बंपर त्याच्या पायांना लागतो, धड बोनेटवर चढतं आणि थेट काचेवर, छताच्या पुढच्या खांबावर येऊन आदळतं. म्हणून रोह्याच्या धडकेत बंपर त्या मानाने शाबूत आणि छत आत दबलेलं, असं उलटं चित्र दिसतं. एअरबॅगही बरेचदा उघडत नाहीत, कारण भिंतीवर आदळल्यासारखी गाडी एका क्षणात थांबलेली नसते. रानडुकराचं नेमकं याच्या विरुद्ध. ते बुटकं आणि घट्ट. बोनेटवर ओरखडा नसतो, पण खालची ग्रिल फुटलेली, रेडिएटरची खालची बाजू चेपलेली आणि इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण फाटून लोंबत असतं. उभी गाय, बसलेली गाय आणि पळतं कुत्रं यांच्या खुणाही अशाच वेगवेगळ्या.

खरा पुरावा मात्र हेडलाइट आणि फेंडर यांच्यामधल्या फटीत सापडतो. तिथे केस अडकतात. डुकराचा केस काळा, राठ, टोकाला फाटलेला, रोह्याचा करडा, गायीचा आखूड, मऊ. मी चिमटा आणि कागदाची पाकिटं बरोबर ठेवतो. अर्जात ‘कुत्रं’ लिहिलेलं असतं आणि फटीतून निघतात डुकराचे केस, असं पुष्कळदा होतं. त्या माणसाला कंपनीला फसवायचं नसतं. त्याला वनखात्याची भीती वाटत असते. मेलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. म्हणून तो डुकराचं कुत्रं करतो. गायीच्या बाबतीत लोकांना जमाव जमण्याची धास्ती असते. पोलिसांचीही असते, पण ती थोडी अनाठायी. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलावरचा गुन्हा रद्द केला. त्याच्या दुचाकीखाली कुत्रं आलं होतं. बेदरकार वाहन चालवण्याची ती कलमं माणसाला धोका वा इजा झाली तरच लागतात, असं न्यायालयाने सांगितलं आणि शासनाला २०,००० रुपये भरायला लावले.

आता ऋतूंकडे वळू, कारण आमच्या कामात ते ढोबळ आलेखापेक्षा स्पष्ट दिसतात. पावसाळा गुरांचा. पेरण्या झाल्या की गावात जनावर मोकळं सोडायला जागा उरत नाही. शेतात चिखल, गोठ्यात डास. रस्ता तेवढा कोरडा, थोडा ऊबदार, आणि येत्याजात्या गाड्यांच्या वाऱ्याने माश्या उडतात. गुरं त्याच्यावर रात्रभर बसून राहतात. काळ्या डांबरावर पावसात बसलेली काळी म्हैस समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात अजिबात दिसत नाही. दसऱ्यानंतर चित्र बदलतं. तूर उभी असते, हरभरा कोवळा असतो, रोही आणि डुकरं रात्री शेतात उतरतात. शेतकरी जागलीवर असतो. बॅटरी, फटाके, आरडाओरडा करून तो कळप हाकलतो, आणि बांधापलीकडे बहुतेक वेळा रस्ता असतो. झटका मशीनची, म्हणजे तारेतून विजेचा झटका देणारी, कुंपणं वाढली तशी कळपांच्या वाटाही आखडल्या. ज्या शेताला तार नाही त्या शेतातून आणि त्याच्या लगतच्या डांबरावरून ते जातात. त्यात माझ्या मते शेतकऱ्याची काही चूक नाही. त्याचं पीक वाचलं पाहिजे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात चितळं येतात. कुत्री मात्र बारा महिने.

रस्ते चांगले झाले तसे या धडकांचे दावे मोठे झाले. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. डिपरवर दिवे असताना जनावर साधारण पन्नास-साठ मीटरवर दिसू लागतं. म्हणजे हाताशी दोन सेकंद, आणि त्यातला एक तर ‘हे काय आहे’ हे उमगण्यात जातो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला, जून २०२५मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. तिथे वेगमर्यादा १२० आहे. हा रस्ता कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या मुलखातून आणि काटेपूर्णाच्या जंगलाजवळून जातो. वन्य प्राण्यांसाठी त्याच्यावर आणि खाली वाटा बांधल्या आहेत, हे चांगलंच झालं. पण रोही जंगलापेक्षा शेतात जास्त राहतो, आणि शेत तर सातशे किलोमीटरभर दोन्ही बाजूंना आहे.

गाडीचं तोंडही बदललं. पूर्वी पत्र्याचा बंपर आणि काचेचा दिवा असायचा. आता बंपर, ग्रिल, पंख्याचं आवरण, एलईडी दिव्याचा सगळा सांगाडा प्लास्टिकचा. बऱ्याच गाड्यांत ग्रिलमागे रडार आणि काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, मग गाडी काल शोरूममधून निघालेली का असेना. अडीच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर १५ टक्के, काचेवर काहीच नाही. म्हणजे डुकराने नेमका तो भाग फोडलेला असतो ज्याचे अर्धे पैसे मालकाच्या खिशातून जातात. वर सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढे २,०००. रात्री ग्रामीण रस्त्यावर नियमित प्रवास असेल तर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घ्या, हे मी माझ्या भावालाही सांगतो.

आणि आणखी एक, जे मला कळकळीने सांगायचं आहे. धडक बसली की लोक घाबरून पुढे निघून जातात. रेडिएटर फुटलेला असतो, पाणी रस्त्यावर सांडत असतं, आणि ‘पुढच्या गावात बघू’ म्हणून गाडी दहा-बारा किलोमीटर पळवली जाते. इंजिन तापून जाम होतं. पॉलिसीत स्पष्ट अट आहे की दुरुस्ती न करता गाडी चालवली तर त्यापुढचं नुकसान मालकाच्या जोखमीवर. त्यामुळे रेडिएटरचे पैसे मिळतात, इंजिनचे नाहीत, आणि इंजिन लाखाच्या घरात जातं. धडकेनंतर तापमानाचा काटा पाहा, गाडीखाली मोबाइलचा उजेड टाका, काही ठिबकत असेल तर गाडी बंद करा आणि टोइंगला फोन करा. रात्र असेल, जंगल असेल, तरी इंजिन चालू ठेवू नका. शक्य असेल तर जागेवरचे दोन-चार फोटो काढा. जनावर, किलोमीटरचा दगड आणि गाडीचा नंबर त्यात यावा.

आतापर्यंत लिहिलं ते चारचाकीचं. पैशाचा प्रश्न तिथे मोठा. जिवाचा प्रश्न दुचाकीवर. सप्टेंबर २०१८पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने निघतो. त्यामुळे लोकांना वाटतं की गाडीचा विमा आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेकांचा पहिल्या वर्षानंतर संपलेला असतो. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा. गायीवर आदळून तुमची गाडी मोडली तर त्यातून छदामही मिळत नाही.

आणि माणूसच गेला तर? मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो, २०१८पासून तो १५ लाखांचा आहे. गाडी ज्याच्या नावावर आहे तोच चालवत असेल, त्याच्याकडे परवाना असेल आणि हे संरक्षण चालू असेल, तर समोर ट्रक होता की म्हैस याने फरक पडत नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर निम्मी. अकोला जिल्ह्यातल्या एका घरी मी गाडी पाहायला गेलो होतो. मृताचा भाऊ म्हणाला, ‘साहेब, गाडीनं उडवलं असतं त काही भेटलं असतं. ढोराचं कोन देते?’ आत त्याची वहिनी बसली होती. पॉलिसीचा कागद टीव्हीखालच्या खणात होता, आणि त्यावर वैयक्तिक अपघाताचा हप्ता भरल्याची ओळ होती. त्या घरात कोणी ती वाचलेली नव्हती. शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि परवाना एवढं जमवून त्यांनी दावा केला. किती घरांत तो खण उघडलाच जात नसेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. अनेकांचं हे संरक्षण पाच वर्षांचं नसून एका वर्षाचं असतं, तेही तपासून घ्या.

गायीच्या मालकाचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कोंडवाड्याची व्यवस्था १८७१च्या कायद्यापासून आहे, पण कोंडवाडे ओस पडलेत. ट्रॅक्टर आले तसं बैलाचं काम गेलं, महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि भाकड जनावर पोसणं कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. तो ते सोडून देतो. २०१९च्या पशुगणनेत देशात मोकाट गुरं पन्नास लाखांच्या घरात होती. तरीही अपघाताच्या फोटोंमध्ये मला बऱ्याच गुरांच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो, त्यावर बारा आकडी क्रमांक. म्हणजे कधीतरी ते जनावर कोणाच्या तरी गोठ्यात होतं, लस टोचून घेत होतं. न्यायालयं आता बोलू लागली आहेत. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये मोकाट जनावरांमुळे झालेल्या अपघातांच्या भरपाईची प्राथमिक जबाबदारी शासनावर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये महामार्गांवरून मोकाट जनावरं हटवण्याचे आदेश दिले. हटवायची कुठून आणि आधी कुठून, हे मात्र आदेशातून कळणार नाही. त्यासाठी आकडे लागतात.

ते आकडे आमच्या फायलींमध्ये आहेत. अमेरिकेत ‘स्टेट फार्म’ ही विमा कंपनी दर वर्षी प्राण्यांच्या धडकांच्या दाव्यांचा अंदाज प्रसिद्ध करते. २०२३-२४मध्ये तो सुमारे १७ लाखांचा होता, वेस्ट व्हर्जिनिया राज्य सर्वांत पुढे, आणि हरणांच्या माजाच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या आसपास, कळस. तिथल्या चालकाला कोणत्या महिन्यात जपायचं हे ठाऊक असतं. आपल्याकडे ‘अॅको’ या विमा कंपनीने शहरांतल्या दाव्यांवरून असं काही मांडलं आहे: प्राण्यांमुळे झालेल्या अपघातांत कुत्री साठ टक्क्यांच्या वर, त्याखालोखाल गायी. पण हे महानगरांचं चित्र आहे. मूर्तिजापूर ते कारंजा रस्त्यावरच्या डुकरांना त्यात जागा नाही.

आमची माहिती दोन ठिकाणी गळते. कुत्र्याने फोडलेल्या बंपरचा दावा लोक करतच नाहीत, कारण नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं दावा न केलेल्याला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात ५० टक्के सूट असते, ती तो चार-पाच हजारांसाठी कशाला घालवेल? दुसरी गळती जास्त गंभीर. जनावराला वाचवताना गाडी झाडावर गेली की फाइलवर ‘झाडाला धडक’ अशी नोंद होते. जनावर निघून गेलेलं असतं, फटीत केस नसतात, झाड तेवढं जागेवर असतं. त्यामुळे सर्वांत जीवघेणे अपघात प्राण्यांच्या हिशेबात येतच नाहीत. जागा, वेळ, रस्ता, चालकाचा जबाब असं सगळं अहवालात आम्ही लिहितो. कंपनी रक्कम पाहते, पैसे देते, फाइल बंद होते.

नेमकी जागा कळली तर काय करता येतं, ते राष्ट्रीय महामार्ग ४४वर पाहायला मिळतं. नागपूरहून शिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात या रस्त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले, ५० मीटरपासून ७५० मीटर लांबीपर्यंतचे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघांसह १८ जातींचे प्राणी त्याखालून जाताना टिपले गेले. तिथे प्राण्यांच्या वाटा कुठून जातात हे वन्यजीव अभ्यासकांना माहीत होतं. शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांचा असा अभ्यास करणारं कोणी नाही, पण दाव्यांच्या फायली आहेत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे करतो. दाव्याच्या अर्जावर जनावरासाठी वेगळा रकाना असावा: धडक बसली की वाचवताना अपघात झाला, जनावर कोणतं, किलोमीटर कितवा, वाजले किती. खरं लिहिल्यास दावा नाकारला जाणार नाही, हे त्याच रकान्याखाली ठळक छापावं, म्हणजे डुकराचं कुत्रं होणार नाही. सगळ्या कंपन्यांचे हे चार तपशील, नावं वगळून, वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्याआधी आणि दसऱ्याआधी, महामार्ग प्राधिकरणाकडे, सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि वनखात्याकडे जावेत. मग कुंपण कोणत्या दोन किलोमीटरला लावायचं, गुरं उचलणारी गाडी कोणत्या गावाजवळ रात्री उभी करायची आणि ‘सावकाश, वन्य प्राणी’ ही पाटी कुठे रोवायची, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.