फुटलेल्या सिस्टचा माग

शिवाजी पार्कच्या एका गल्लीत गेली 22 वर्षं मी सोनोग्राफी करते. मैदान हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खेळताना पोटात कळ आलेल्या मुली बऱ्याचदा तशाच घामेजल्या अंगाने येतात. परवाची विशीतली होती. कमरेत वाकलेली, ओटीपोटाची उजवी बाजू हाताने दाबून धरलेली.

"डॉक्टर, अपेंडिक्सच असणार," आई म्हणाल्या. त्यांना मी पाच मिनिटं बाहेर बसवलं.

"बाळा, पाळी कधी आली होती?"

"तीन आठवडे झाले."

लग्न झालेलं असो वा नसो, पुढचा प्रश्नही विचारावाच लागतो आणि प्रेग्नन्सी टेस्टही करावीच लागते. ट्यूबमध्ये राहिलेला गर्भ फुटला तरी पडद्यावर अंडाशयातली सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, फुटल्यासारखंच रक्त दिसतं. तिची टेस्ट निगेटिव्ह आली.

फुटलेली सिस्ट अनेकदा दिसतच नाही. आतलं पाणी निघून गेलं की ती मिटते आणि अंडाशय नेहमीसारखं वाटतं. मग माग काढायचा तो सांडलेल्याचा. गर्भाशयामागच्या खोलगट जागेत साधं पाणी काळंभोर दिसतं. ताजं रक्त करडं, बारीक कणांचं, प्रोब हलकेच दाबला की ढवळणारं. तिच्या उजव्या अंडाशयाला गोठलेल्या रक्ताची एक गुठळी चिकटली होती. प्रोब तिथे टेकताच तिच्या पायाची बोटं मुडपली. मी हात सैल केला.

एवढ्यावर थांबू नये, असं मी शिकायला येणाऱ्या मुलांना बजावते. प्रोब वर न्या, यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट बघा. रक्त तिथवर पोचलं असेल तर स्राव मोठा आहे. अशा वेळी रिपोर्ट टाइप होईपर्यंत मी थांबत नाही, थेट सर्जनला फोन लावते. स्राव चालूच असल्याची शंका आली तर सीटी. तिची फट कोरडी होती. ती एक रात्र हॉस्पिटलात देखरेखीखाली राहिली, ऑपरेशन लागलं नाही. बहुतेक जणींना लागत नाही.

सोनोग्राफी म्हणजे गरोदरपणातली तपासणी, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. पण 1958 साली ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये हे तंत्र मांडलं, तेव्हा त्यात एक बाई होती: असाध्य कर्करोग समजून आशा सोडलेली. यंत्राने दाखवली ती अंडाशयाची सिस्ट. ती काढली आणि बाई वाचली.

आयांनो, मुलीला पाळीची तारीख लिहून ठेवायला शिकवा. पोटात अचानक कळ आली आणि सोबत चक्कर येऊ लागली किंवा खांदा दुखू लागला, तर गोळी देऊन झोपवू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.