चौथीच्या वहीत माकुल!

मी कोणी शिक्षणतज्ज्ञ नाही हं, आधीच सांगते! माझी चौथी साध्या शाळेत, 'शिवछत्रपती'ची घोकंपट्टी करण्यात गेली. पण परवा शेजारच्या चौथीतल्या पोरीच्या वह्या चाळल्या आणि तेव्हापासून मी नुसती नाचतेय!

ती वॉल्डॉर्फ पद्धतीने शिकते. पुण्यात 'स्वधा' ही याच पद्धतीची शाळा. पहिली शाळा रुडॉल्फ स्टायनरने १९१९ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला काढली, एका कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. कारखाना कसला? सिगारेटचा! पुढे ऐका! रोज सकाळी एकच विषय, तोही तीन-चार आठवडे, आणि पाठ्यपुस्तकाऐवजी मुलं स्वतःच लिहितात, चित्रं काढतात, आणि मग तेच त्यांचं पुस्तक!

वहीत प्राण्यांची माणसाशी तुलना, आणि एका पानावर माकुल! होय, कोकणात कालवणात घालतात तोच! माकुल म्हणजे जणू सगळं डोकंच, उंदीर म्हणजे सगळं धड, आणि माणसाचं वैशिष्ट्य काय? मी ऐटीत म्हटलं, मेंदू! "नाही गं मावशी, हात!" चालण्याच्या कामातून हात सुटले आणि मग माणसाला दुसऱ्यासाठी काही करता यायला लागलं. मी माझे हात उलटसुलट करून बघत बसले, खरंच!

आणि मग अपूर्णांक! आधी अख्खी भाकरी मोडायची, अंश-छेद नंतर. आपल्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असायची ना? ते अपूर्णांकांचेच पाढे होते हो! मला आत्ता कळतंय, या वयात!

आणि मग भूगोल, तोही आपल्या पायाखालचा! आधी वर्गाचा नकाशा, मग शाळेचा, मग गल्लीचा, आणि मग शहराचा, म्हणजे इकडून मुठा, तिकडून मुळा, संगम पुलापाशी दोघी एक होतात आणि जोडनाव लावून भीमेकडे निघतात! त्या पुलावरून मी आयुष्यभर गेले, पण खाली कधी बघितलं? छे!

आणि गोष्टी? त्या थेट उत्तर युरोपातल्या पुराणांतल्या. लोकी नावाचा एक महाखोडकर, हातोडा घडत असताना त्याने माशी होऊन डंख मारला म्हणून थॉर देवाच्या त्या हातोड्याचा दांडा आखूड राहिला! केवढी मजा!

पण मला वेड लावलं ते क्रॉसस्टिचने. मुलगेही करतात, छापील नमुना नाही! एका कोपऱ्यातली नक्षी स्वतः ठरवायची, आणि मग उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत हुबेहूब तशीच, आरशात दिसावी तशी उमटवायची. एक टाका चुकला की सगळं तिरकं! हे गणितच झालं की! मी तडक तुळशीबागेतून मॅटीचं कापड आणलंय. या ना तुम्हीही! सुया भरपूर आहेत. दोरा मात्र तुम्ही ओवायचा, माझा चष्मा सापडत नाहीये!