मऊ त्वचेचा तुर्की खिसा

इस्तंबूलमध्ये काय बघायचं, हे कुठलंही गाइडबुक सांगेल. आयासोफिया, निळी मशीद, ग्रँड बझार... पण हे सगळं बघून पाय बोलायला लागले की जायचं कुठे? सुलतानअहमदच्या ट्रॅम स्टॉपपासून येरेबातान रस्त्यानं थोडं चालायचं आणि जालोलू हमामाच्या दारात शिरायचं. इथे तुमची पाठ घासून देतात. तीही अशी, की जन्मभर लक्षात राहावी!

हा हमाम १७४१ चा, सुलतान महमूद पहिला याच्या काळातला. पुढे १७६८ मध्ये शहरात नवे मोठे हमाम बांधायला बंदी आली. कारण काय, तर पाणी आणि सरपण पुरेना. त्यामुळे जालोलू हा उस्मानी काळातल्या शेवटच्या बड्या हमामांपैकी एक. बायका आणि पुरुष यांचे विभाग अर्थातच वेगळे.

मी गेले ती माझ्या दंडांसाठी. कॉलेजपासून माझ्या दंडांवर बारीक खरखरीत पुळ्या आहेत. लग्न असो की ऑफिस पार्टी, मी पूर्ण बाह्यांत! आमच्या ऑफिसात सध्या ड्राय ब्रशिंगचं वेड आहे. अंघोळीआधी कोरड्या अंगावर ब्रश फिरवायचा, की म्हणे त्वचा लोण्यासारखी होते, वर शरीर ‘डिटॉक्स’ही होतं. म्हटलं, ज्या गावात घासण्याचीच परंपरा आहे, तिथेच जाऊन बघू.

आत शिरल्यावर हातात येतो पेश्तमाल. आपल्या पंच्याचा देखणा भाऊच. तो गुंडाळून गरम खोलीत जायचं. वर घुमट, त्यातल्या बारीक झरोक्यांतून येणारं ऊन आणि मध्ये तापलेल्या संगमरवराचा भला मोठा ओटा. त्याला म्हणतात ग्योबेकताशी, म्हणजे बेंबीचा दगड. त्यावर नुसतं पडून राहायचं. मोबाइल नाही, मीटिंग नाही. पंधरा-वीस मिनिटांत घामानं अंग भिजतं.

मग येते नातिर, म्हणजे अंघोळ घालणारी बाई. हातात केसे. केसे म्हणजे खरखरीत हातमोजा. पूर्वी तो कच्च्या रेशमाचा किंवा बकरीच्या केसांचाही असे. गंमत म्हणजे तुर्कीत केसे म्हणजे पिशवी, आणि आपला ‘खिसा’ त्याच फारसी घराण्यातला!

साबण न लावताच ती घासायला लागली. लांब, सरळ, एका लयीत. मी मात्र अंग चोरून. आता ती माझ्या दंडांकडे बघणार, काहीतरी बोलणार... काही नाही. जशी पाठ घासली, तसेच दंड. फक्त तिथे हात जरा हलका झाला. अंगावरून करड्या वळकट्या निघत होत्या. त्या तिनं मला कौतुकानं दाखवल्या आणि हसली. मीही हसले. मग तांब्यांनी पाणी, फेसाचा ढग आणि पुन्हा पाणी. आजूबाजूला सत्तरीच्या आज्या होत्या, बाळंतपणाच्या खुणा मिरवणाऱ्या बायका होत्या, ऑपरेशनचे व्रण होते. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. इतक्या वर्षांत माझे दंड पहिल्यांदाच चारचौघांत असे उघडे होते, आणि जग जागच्या जागी होतं.

पुळ्या गेल्या का? छे! त्यांचं नाव केराटोसिस पिलारिस. केसांच्या मुळाशी केराटिन साठून त्या होतात. अगदी निरुपद्रवी असतात आणि जोरात घासलं तर उलट लाल होतात. युरिया किंवा लॅक्टिक अॅसिडच्या क्रीमनं खरखर कमी होते, तीही क्रीम चालू असेपर्यंत. बाकी अंग मात्र दोन दिवस रेशमासारखं होतं.

हे होतं कसं? त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो आपोआप झडतच असतो. उष्णता आणि वाफ यांनी तो नरम पडतो आणि केसे त्यातला सुटायला आलेला भाग काढते, बस्स. कोरडा ब्रशही तेच काम करतो, फक्त वाफेविना. म्हणून तिथे हात आणखी हलका हवा. डिटॉक्सचं म्हणाल, तर ते खातं यकृत आणि मूत्रपिंडांकडे आहे. ब्रशला त्यात पद नाही!

आणि कोरडं चोळणं आपल्याला नवं थोडंच आहे? आयुर्वेदात कोरड्या चूर्णानं अंग चोळण्याला उद्वर्तन म्हणतात. दिवाळीतलं उटणं त्याच गोत्रातलं.

तर इस्तंबूलचं तिकीट निघेपर्यंत घरच्या घरी एवढं करा:

• मऊ, नैसर्गिक केसांचा ब्रश घ्या. अंघोळीआधी पायांपासून वर, लांब हलके हात फिरवा. दोन-तीन मिनिटं पुरेत.

• आठवड्यातून एक-दोनदाच. त्वचा लाल झाली किंवा चुरचुरली, तर थांबा.

• चेहरा, जखमा, एक्झिमा, सोरायसिस, उन्हानं भाजलेली आणि नुकतंच वॅक्सिंग केलेली त्वचा वगळा.

• नंतर कोमट पाण्यानं अंघोळ, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर. एसीत बसणाऱ्यांनी ही पायरी चुकवूच नका. मऊपणा टिकतो तो हिच्यामुळे.

• ब्रश धुऊन कोरडा ठेवा आणि कुणालाही देऊ नका, अगदी सख्ख्या बहिणीलाही!

आणि इस्तंबूलला गेलातच, तर एक सूचना. जालोलूसारख्या नावाजलेल्या हमामात आपला खिसा चांगलाच हलका होतो. गल्लीतले साधे हमाम त्यामानानं स्वस्त. मात्र कुठेही जा, नातिरला टिप द्यायला विसरू नका. मी जरा जास्तच दिली. तिनं पाठ घासल्याची ती नव्हती, दंडांबद्दल काही न बोलल्याची होती.