मावळतीपासून मोजणारं घड्याळ

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला ५० वर्षं झाली. हॉल, पंगत, आहेर हे सगळं आम्ही दोघांनीही नको म्हटलं. तेव्हा म्युनिकला असलेल्या लेकीने परस्पर ठरवून टाकलं, "तुम्ही इकडे या, आणि इथून चार दिवस दोघंच प्रागला जाऊन या."

'दोघंच' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. खरं सांगायचं तर पन्नास वर्षं बाहेरचं सगळं ह्यांनी पाहिलं. बँक, रिझर्वेशन, रिक्षावाल्याशी हुज्जत, सगळं. साठ मुलांचा वर्ग मी नजरेने गप्प करत असे, पण खिडकीपाशी गेलं की ह्यांच्या मागे उभी! त्यातून मी मराठी माध्यमातली बी.ए. इंग्रजीचं व्याकरण पाठ, पण तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा. आणि आता दोन वर्षांपासून ह्यांना ऐकू येईनासं झालंय. कानाचं मशीन आहे, पण गर्दीत ते नुसतं घोंघावतं म्हणून हे काढून खिशात ठेवतात. म्हणजे बोलणार कोण? मीच.

असो. तर आम्ही गेलो. पहिल्या दिवशी चार्ल्स पूल पाहिला. व्ल्टावा नदीवरचा, ५१६ मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. चौथ्या चार्ल्स राजाने त्याचा पाया १३५७ साली, ९ तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी घातला असं सांगतात. ओळीने लिहा: १३५७९७५३१. चढते विषम आकडे आणि तसेच उतरते. आमच्या ह्यांचा जन्म हिशेबनिसीत गेलेला. पुलावर उभं राहून त्यांनी ते बोटाने हवेत तीनदा लिहून पाहिलं. त्या राजानेही मुहूर्त काढून घेतला होता की काय, म्हणून मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या गावातल्या चौकात गेलो. तिथल्या टाऊन हॉलच्या भिंतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. मे १९४५ च्या लढाईत ते जळालं होतं. तेव्हा आधीचे लाकडी प्रेषित गेले, आणि आता दिसतात ते नंतर नव्याने कोरलेले. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि बारा प्रेषित एकामागून एक डोकावून जातात. पण मला आवडला तो बाजूचा सांगाडा. तो म्हणजे मृत्यू. तो दोरी ओढून घंटा वाजवतो, मान डोलावतो, आणि बाकीचे तिघे, म्हणजे आरसा घेतलेला, पैशांची थैली धरलेला आणि एक तुर्क, माना हलवून "नाही, नाही" म्हणतात. इतक्यात नाही! शेवटी वरचा सोनेरी कोंबडा आरवतो.

त्या घड्याळाला बाहेरून एक काळं कडं आहे, त्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे. पूर्वी तिकडे दिवस मावळतीपासून मोजत. सूर्य मावळला की २४ तास पुरे, आणि पुन्हा एकपासून सुरुवात. आपलं पंचांग सूर्योदयापासून मोजतं, त्यांचं हे उलट. मी ह्यांच्या कानाशी ओरडून ते समजावलं. हे म्हणाले, "म्हणजे हातात उजेड किती उरला ते एका वजाबाकीत कळतं. हिशेब चोख आहे."

तीनचा खेळ बघून आम्ही गल्लीत वळलो. लेकीसाठी तिथले लाल गार्नेट बघायला मी एका काचेपाशी थांबले. मान वर केली तर हे नाहीत.

काय सांगू मंडळी, पायातलं बळच गेलं. दोघांचे फोन माझ्याच पर्समध्ये. हाक मारावी तर ऐकू येणार नाही. चार गल्ल्या फिरले. शेवटी कोपऱ्यावर निखाऱ्यावर कणकेची गुंडाळी भाजून साखर-दालचिनी लावून विकणारी एक मुलगी होती, तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माय हजबंड... लॉस्ट. ही कॅनॉट हिअर." तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच तोडकं. ती हात पुसून म्हणाली, "व्हेअर लास्ट टुगेदर?"

आणि मला माझीच शिस्त आठवली! रायगडाच्या सहलीला दरवर्षी मुलांना बजावायची, "चुकलात तर शोधत फिरू नका. शेवटचे सगळे बरोबर होतो तिथेच उभे राहा."

धावत, म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तशी, चौकात आले. चारला दोन-तीन मिनिटं होती. शेकडो माणसं माना वर करून उभी, आणि त्यांत एकच पांढरी टोपी घड्याळाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत होती.

मी रागावणार होते, पण शब्दच फुटेना. हेच म्हणाले, "अगं, हललो नाही मी. सहलीचा नियम!" हात मात्र गार पडले होते.

तेवढ्यात घंटा सुरू झाली. सांगाड्याने दोरी ओढली, तिघांनी माना हलवल्या. हे डोळ्यांनी बघत होते. मग विचारलं, "कोंबडा आरवला का?" म्हटलं, आरवला. "कसा?"

तेव्हा बाहत्तर वर्षांच्या बाईंनी भर चौकात ह्यांच्या कानाला तोंड लावून मोठ्याने "कुकूच्कू" केलं. लोक वळून बघायला लागले. बघू देत :)

परत जाताना रस्ता मीच विचारला, ट्रामची तिकिटंही मीच पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घेतली. बाहेरच्या कड्यावर तेव्हा एकोणीस वाजून गेले होते. म्हणजे पावणेपाच तास उजेड होता अजून.

इकडे आल्यापासून बँकेत खिडकीपाशी मी जाते. हे मागे बाकावर बसतात. मधूनमधून मी वळून बघते. हललेले नसतात.