गांधीनगरच्या आधीचं गाव

सबमिशन उरकलं की आपलं अर्धं होस्टेल स्वस्तातल्या जीन्ससाठी गांधीनगर गाठतं. पण फाळणीनंतर सिंधी मंडळी तिथे वसली, त्याआधी याच जागेवर एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? वळिवडे छावणी, १९४३ ते १९४८. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सैबेरियात हाकललेली, पुढे इराणमार्गे इथवर पोचलेली सुमारे ५००० माणसं. त्यात बायका-पोरंच जास्त, कारण घरचे बाप्ये बरेचसे लढाईवर. त्यांनी इथे शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, दवाखाना सांभाळला. कुठे सैबेरियाची थंडी आणि कुठे आपला मे महिना!

पण पुतळे, स्तंभ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडा आणि तलवारच येते. सांभाळणाऱ्यांचा नंबर मागाहून. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं; त्यात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या कॅथलिक नन्सचं स्मारक वॉशिंग्टनमध्ये झालं १९२४ ला. आपल्याकडेही तीच तऱ्हा. छावणी उठली १९४८ ला आणि महावीर उद्यानातला पोलिश स्तंभ उभा राहिला १९९८ ला, तोही इथे राहून गेलेल्यांच्याच पुढाकाराने. २०१७ मध्ये तर वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक झालं. आपण मात्र उद्यानात जातो ते भेळ खायला!

सगळेच काही परतले नाहीत. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्यातल्या काहींच्या कबरी आजही आहेत.